ओठ हलतात, पण प्रार्थना होत नाही

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. पत्रलेखक एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांनाही एकच गोष्ट विचारायची आहे : संकट लवकर सरत नाही, तेव्हा विश्वासात टिकून राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि विचारण्याचे धाडस फार थोडे जण करतात.

प्रश्न : माझे पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीला आठ महिने उरले असताना, म्हणजे अडीच वर्षांपूर्वी, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणेही अस्पष्ट झाले. सुरुवातीला मंडळीतले (आमच्या चर्चमधले) सगळे येत असत. उपास-प्रार्थना झाल्या, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना केली. आता फारसे कोणी येत नाही. गेल्या पावसाळ्यात बाहेरगावाहून प्रार्थना करणारा एक गट आला. घरात लपलेले पाप आहे किंवा तुमचा विश्वास कमी पडतो आहे, असे त्यांनी सांगितले आणि गोळ्या बंद करून सगळे देवावर सोपवा, असा सल्ला दिला. मी गोळ्या बंद केल्या नाहीत, पण तेव्हापासून तो शब्द मनातून जात नाही. रात्री प्रार्थनेला बसते तर शब्द सुचत नाहीत. रविवारी गीताच्या वेळी मी नुसते ओठ हलवते. परवा शेजारी उभ्या असलेल्या नातीने विचारले, "आजी, तू गातेस की नुसतं तोंड हलवतेस?" मला फार लाज वाटली. हा ढोंगीपणा आहे काय? विश्वास उरला नसेल तर उपासनेला जाणे थांबवावे काय? (एक भगिनी, नगर जिल्हा)

उत्तर : ताई, सप्रेम सलाम. आधी गोळ्यांचे. त्या तुम्ही बंद केल्या नाहीत, हे तुम्ही फार चांगले केले. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या, तर दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. त्याची जबाबदारी घ्यायला तो गट पुन्हा तुमच्या दारात आला नसता. पौलाच्या हातून अनेकांना आरोग्य मिळाले, असे 'प्रेषितांची कृत्ये' हे बायबलमधले पुस्तक सांगते; तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे लिहितो की, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला किंवा त्याने काही लपवून ठेवले होते, असे त्या ओळीत अवाक्षरही नाही. पहिल्या पत्रात तो तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्या काळचा तो घरगुती उपचार होता. औषध घेणारा माणूस देवावर कमी विसंबतो, ही कल्पना पवित्र शास्त्रातली नाही. ती आपल्याकडे अलीकडे आली आहे आणि तिने पुष्कळ घरांचे नुकसान केले आहे.

दुसरे, पापाचे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हाही ती माणसे इतरांहून अधिक दोषी होती असे समजू नका, असेच तो म्हणाला (लूक १३). सगळे काही गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र पानेच्या पाने हेच सांगत राहतात की, तुझ्या हातून काहीतरी घडले असलेच पाहिजे. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग होतो तो त्या मित्रांवर. आरडाओरडा करणारा, देवाला न्यायालयात खेचू पाहणारा ईयोब मात्र योग्य बोलला, असा निवाडा मिळतो. तुमच्या घरी आलेला गट कोणत्या बाजूला बसतो, ते तुम्हीच ठरवा.

आता तुमचा खरा प्रश्न. शब्द सुचत नाहीत याचा अर्थ विश्वास संपला, असे तुम्ही धरून चालला आहात. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये विश्वास म्हणजे मनाची एक प्रकारची ऊब, असा समज नकळत रुजला आहे. ऊब आहे तोवर विश्वास आहे, ती गेली की विश्वास गेला. पण अडीच वर्षे रोज पहाटे नवऱ्याची कूस बदलणारी, त्याच्या आखडलेल्या बोटांमध्ये रबरी चेंडू देऊन ती दहा-दहा वेळा मिटायला लावणारी, आणि तरीही रविवारी पदर नीट करून उपासनेला येऊन उभी राहणारी बाई जेव्हा विचारते की माझ्यात विश्वास उरला आहे काय, तेव्हा तिने विश्वास चुकीच्या जागी शोधला आहे, असे मला वाटते. तो भावनेत सापडत नसेल. तो तुमच्या पायांत आहे. ते अजून मंदिराची वाट चालतात.

आणि शब्दच हवे असतील, तर तुमच्याआधी पुष्कळांनी ते लिहून ठेवले आहेत. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतली फार मोठी संख्या तक्रारीची आहे. आपण उपासनेत तेविसावे, एकशे एकविसावे, एकशे तिसरे पुन्हा पुन्हा वाचतो, आणि अठ्ठ्याऐंशिवे कधी वाचत नाही. आज रात्री ते उघडा. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी वळण घेतात. रडून झाल्यावर स्तुतीची एखादी ओळ येते. अठ्ठ्याऐंशिवे वळण घेत नाही. जिवलग दूर गेले आणि आता अंधारच माझा सोबती, अशा अर्थाच्या शब्दांवर ते थांबते. ज्यांनी स्तोत्रे गोळा केली, त्यांना ते वगळता आले असते किंवा शेवटी दिलाशाची एखादी ओळ जोडता आली असती. त्यांनी ते तसेच ठेवले, आणि मंदिरात गाण्यासाठी ठेवले. रोज देवाला हाक मारणारा, उत्तर न मिळालेला, आणि तरीही तोंड न फिरवणारा माणूस शास्त्राने प्रार्थना करणाऱ्यांच्या रांगेत उभा केला आहे. तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या आहात.

मराठी माणसाला खरे तर हे नवे वाटू नये. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या आहेत, नामदेव त्याच्याशी भांडला आहे, आणि तुकोबांनी तर त्याला पुरता जाब विचारला आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे म्हणत असत. त्या पुलावरून येताना भांडणाचा हा हक्क त्यांनी सोबत आणला असावा, असे त्यांची पदे गाताना मला अनेकदा वाटते. नंतरच्या पिढ्यांनी मात्र देवासमोर इस्त्रीचे कपडे घालूनच जायचे, अशी सवय लावून घेतली.

एलीयाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी पुन्हा एकदा सावकाश वाचा (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला संदेष्टा लगेच पुढच्याच अध्यायात एका झुडुपाखाली आडवा पडतो आणि आता पुरे, माझा प्राण घे, असे म्हणतो. देव त्याला त्या क्षणी उपदेश करत नाही. विश्वास का डगमगला, असे विचारत नाही. त्याच्या उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली जाते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा त्याला उठवून खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. दोन वेळा जेवण आणि मध्ये झोप, एवढेच. बोलणे पुढे, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी होते. तुमच्या पत्रात तुमच्या जेवणाचा आणि झोपेचा उल्लेख कोठेही नाही. अडीच वर्षांत एखादी सबंध रात्र तुम्ही झोपला आहात काय? मला शंका आहे. सतत उदास वाटत असेल, भूक गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायचे दुखणे आहे. त्याला अविश्वासाचे नाव देऊ नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते. असा फोन करणे म्हणजे झुडुपाखालची भाकर उचलून तोंडात घालणे होय.

आणखी एक गोष्ट, आणि ती तुमच्या मंडळीसाठी आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून ते छप्पर उकरतात. नगरकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. ज्यांनी धाब्याचे घर पाहिले आहे, त्यांना माती उकरल्यावर खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय काय पडले असेल ते डोळ्यांसमोर येईल. पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे : येशूने त्यांचा विश्वास पाहिला. 'त्याचा' नव्हे, 'त्यांचा'. बाजेवर पडलेल्या माणसाचा विश्वास किती होता, हे मार्क सांगतच नाही. तुमच्या घरी आज बाजेवर दोघे आहेत, ताई. एक शरीराने आणि एक मनाने. बाज उचलणे हे मंडळीचे काम आहे, आणि ते काम पहिल्या तीन-चार महिन्यांनी थांबले असेल, तर दोष तुमच्या विश्वासाचा नाही.

म्हणून नातीला खरे ते सांगा. सांगा की, आजीच्या घशातून हल्ली गाणे निघत नाही, म्हणून बाकीचे सगळे तिच्या वाटचे गातात आणि ती त्यांच्यामध्ये उभी राहते. मुलांना हे कळते. ढोंग म्हणजे जे नाही ते आहे असे भासवून त्यातून काही मिळवणे. तुम्ही तर जे मिळत नाही त्याच्या दाराशी उभ्या आहात.

आपल्या घराघरांतल्या कॅलेंडरांवर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन छापलेले असते, ते ज्यात देव आपल्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत असे म्हणतो. त्याच्या आधीचे, दहावे वचन कोणी छापत नाही. त्यात सत्तर वर्षांचा हिशोब आहे. ते पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्यांना लिहिलेले आहे, आणि त्यातली सूचना अशी की, घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा. कारण मुक्काम लांबणार आहे. लवकर सुटका होणार असे सांगणारे संदेष्टे तेव्हाही होते आणि यिर्मयाने त्यांना खोटे म्हटले. पती पूर्ववत होतील की नाही, हे मला ठाऊक नाही आणि जो ठाऊक असल्याचे सांगेल त्याच्यापासून सावध राहा. पण लांबलेल्या मुक्कामातही बाग लावता येते. त्यांची बोटे आज चेंडू किती वेळा मिटतात, ते वहीत लिहून ठेवा. शिक्षकाला वही कळते.

पंडिता रमाबाईंचे नाव अशा वेळी हटकून घेतले जाते आणि बहुधा चुकीच्या रीतीने घेतले जाते, जणू त्या दगडाच्या होत्या. त्यांच्या आयुष्याचा क्रम नुसता पाहा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना, पती पटकीने गेले आणि हातात तान्ही मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ऐकू येणेही कमी होत गेले. बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षे, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. म्हणजे ज्या काळात त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उभे केले, त्या काळातला काही भाग तरी त्या तुमच्यासारख्याच कोरड्या जमिनीवरून चालत होत्या, आणि काम थांबले नव्हते. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, दुष्काळात शेकडो मुली आणि विधवा तेथे आल्या. मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मुक्तीतल्या साध्या बायकांना वाचून कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी हाती घेतले. छपाईही मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ज्या लेकीच्या हाती संस्था सोपवायची, ती आधी गेली. त्यानंतर रमाबाई आठ-नऊ महिने जगल्या, आणि त्या महिन्यांत त्या भाषांतराची मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला, तो त्यांनी पाहिला नाही.

त्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या मनात काय होते, यावर मी प्रवचन देणार नाही. मला दिसतो तो एक हात, कानामात्रा तपासत ओळीवरून सरकणारा. तुमच्या हातातला चेंडू आणि ती मुद्रिते मला फारशी वेगळी वाटत नाहीत. उपासनेला जाणे थांबवू नका. ओठ हलवा. एखाद्या रविवारी तेही नको वाटले, तर नुसत्या बसून राहा.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा असून एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या विचाराने प्रभूवर विश्वास ठेवला. घरी वारीची परंपरा आहे. वडील माझ्याशी बोलत नाहीत, आई जेवायला वाढते पण रडते, आणि माझ्यामुळे बहिणीचे लग्न अडेल असे चुलते म्हणतात. काम जाण्याचीही भीती आहे. आमच्या सहवासातले (प्रार्थनेसाठी जमणाऱ्या गटातले) काही जण म्हणतात की घर सोडणे हाच वधस्तंभ आहे. जो घर सोडत नाही तो कच्चा. मी काय करावे? (एक तरुण, सोलापूर जिल्हा)

उत्तर : प्रिय भाऊ, घर सोडण्याची घाई करू नका. कुटुंबाने हाकलून दिले तर गोष्ट वेगळी. पण आपण होऊन आईच्या ताटावरून उठून जाणे आणि त्याला वधस्तंभ म्हणणे, हे मला मान्य नाही. जो खरोखर वधस्तंभावर होता, त्याने शेवटच्या घटकेलाही आईची सोय लावली आणि तिला शिष्याच्या हाती सोपवले (योहान १९). पेत्र आपल्या पहिल्या पत्रात, कोणी आशेचे कारण विचारले तर उत्तर द्या असे सांगतो आणि लगेच पुढे, ते सौम्यतेने व आदराने द्या, अशी पुस्ती जोडतो. उत्तर देण्याचा उत्साह आपल्यात पुष्कळ असतो. पुस्ती विसरली जाते. शिवाय कोणी विचारल्यावर द्यायचे ते उत्तर असते. न विचारता दिले की तो वाद होतो.

टिळकांचे उदाहरण येथे कामाचे आहे, आणि ते मी गुळगुळीत करून सांगणार नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या आणि ही बातमी त्यांच्यावर कोसळली. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. चार-पाच वर्षे नवराबायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या दिवसांचे दुःख अजूनही टोचते, आणि टिळकांनी हे अधिक हळुवारपणे करायला हवे होते, असे मला वाटते. एका थोर माणसाबद्दल एवढे बोलण्याची मुभा वाचकांनी द्यावी. परंतु पुढचे वागणे शिकण्यासारखे आहे. त्यांनी दुसरे घर मांडले नाही, पत्नीची वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्यावरही काही काळ आपले सोवळेओवळे सांभाळत होत्या आणि टिळकांनी ते त्यांना सांभाळू दिले. एका छपराखाली दोन रीती चालल्या. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वाटेने येऊन. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य पुढे त्याच बाईंनी पुरे केले. घाई केली असती, तर यांतले काय उरले असते?

तुमची वाट अशीच संपेल, असे मी म्हणत नाही. तुमच्या आईवडिलांचे मन कदाचित कधीच बदलणार नाही, आणि ते बदलावे म्हणून त्यांच्याशी चांगले वागणे हा एक प्रकारचा व्यवहार झाला, तो त्यांनाही कळतो. चांगले वागायचे ते मुलगा म्हणून. आषाढीला वडील निघतील, तेव्हा त्यांची पिशवी एस. टी. स्टँडपर्यंत पोचवा, गुडघेदुखीच्या गोळ्या आठवणीने तिच्यात टाका. त्याने तुमच्या विश्वासाला काही बाधा येत नाही. पूजेत सहभागी होता येत नसेल तर तसे एकदाच, शांतपणे, वडिलांना एकटे गाठून सांगा. चारचौघांत सांगू नका. त्यांच्या देवाबद्दल वावगा शब्द तुमच्या तोंडून कधी निघता कामा नये, आणि सहवासात कोणी तसे बोलत असेल तर तेथेही हसू नका.

बहिणीच्या लग्नाची गोष्ट मला खरी अवघड वाटते, कारण तेथे किंमत तुम्ही ठरवता आणि ती दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. तिच्याशी स्वतः बोला. तिच्यावतीने चुलते बोलत आहेत, ती नाही. तिला तुमच्याबद्दल काय वाटते, हे तुम्हाला बहुधा ठाऊकच नसेल. लग्नाच्या खर्चातला आपला वाटा आजपासून बाजूला टाका आणि तसे आईला सांगा. कंत्राटी कामात पैसे साठत नाहीत हे मी जाणतो, पण महिन्याला ठरावीक रक्कम, लहान का होईना, आईच्या हातात पडली तर ती रडतानाही ती रक्कम मोजेल आणि मुलगा गेला नाही, हे तिला कळेल.

एकट्याने मात्र राहू नका. रात्रपाळीमुळे रविवार हुकत असेल, तर आठवड्यात कधीतरी सोबत बसून शास्त्र वाचेल असा, वयाने थोडा मोठा, संसार केलेला एखादा विश्वासू शोधा. तुम्हाला कच्चा म्हणणाऱ्यांपैकी कोणी तुमच्या घरच्या परिस्थितीतून गेला आहे काय, तेही एकदा विचारून पाहा.

प्रश्न : आमच्या मंडळीत भेटी देणाऱ्या महिलांच्या गटात मी आहे. दीर्घ आजार किंवा मृत्यू असलेल्या घरी गेल्यावर काय बोलावे, ते सुचत नाही. काही ठरावीक वचने सुचवाल काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वचने सुचवत नाही, क्षमा असावी. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी तोंड उघडल्यानंतरच सगळे बिघडले. मी हे पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. पाळक म्हणून माझे दुसरेच वर्ष होते. एका घरी ट्रॅक्टर उलटून तरुण मुलगा गेला होता. मी ओसरीवर बसलो आणि पाच मिनिटांच्या आत, देवाची इच्छा, त्याला तो हवा होता, असे बोलून गेलो. बाप काही न बोलता उठला, गोठ्यात गेला आणि म्हशीपुढे वैरण टाकत राहिला. दावण भरून वाहिली तरी टाकत राहिला. वर्षभर तो उपासनेला आला नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी आमचा स्नेह झाला, तेव्हा एकदा तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुम्ही नुसते बसला असता तर बरं होतं."

म्हणून वचने पाठ करण्याऐवजी गटाने एक वही करावी. मंडळीत कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे आणि त्याची काळजी कोण एकटे घेते, ते त्यात लिहावे. गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी यांच्याजवळ बसते, तुम्ही बँकेचे काम करून या किंवा आत जाऊन झोपा, असे म्हणणारी एक बाई पुष्कळ प्रार्थनांना पुरून उरते. अर्थात प्रार्थनाही करावी, पण ती छोटी असावी, आणि घरच्यांना विचारून. भेटी पहिल्या महिन्यात दहा आणि सातव्या महिन्यात शून्य, असे न करता सातव्या महिन्यासाठी कोणीतरी राखून ठेवावे. गेलेल्यांनी रोग्याशी बोलावे, त्याच्याबद्दल त्याच्या देखत बोलू नये. ज्याचे बोलणे गेले आहे त्याला ऐकू येत असते. अकरा जणी एकदम जाऊ नका. आणि घरच्या बाईला चहा टाकायला लावू नका. थर्मास बरोबर न्या.